हयातीचा दाखला

बँकेत कारकुनाचा अधिकारी झाला की त्याला पहिलं बक्षीस मिळतं ते बदलीचं. म्हणून आमच्या वेळी पुष्कळ बायका बढतीच्या परीक्षेचा फॉर्मच भरत नसत. मी भरला. निकाल लागला, पेढे वाटून झाले आणि १९९४च्या उन्हाळ्यात कागद आला: नागपूर. सासूबाईंनी विचारलं, ‘‘म्हणजे पुण्याच्या पुढं?’’ मी म्हटलं, पुढं. किती पुढं, ते मलाही सांगलीहून महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसल्यावरच उमगलं.

ही गाडी राज्याची हद्द न ओलांडता एक रात्र आणि दुसरा जवळजवळ सगळा दिवस धावते. कराड, सातारा, पुणे, दौंड, नगर, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा. हजाराहून जास्त किलोमीटर, आणि प्रत्येक फलाटावर चहा विकणारा मराठीच. फक्त त्याचं मराठी दर चार-पाच स्टेशनांनी थोडं सरकत जातं. माझ्याबरोबरच बढती मिळालेल्या एकाला मद्रास मिळालं होतं. त्याने जाण्याआधी तमिळ शिकवणारं पुस्तक घेतलं, भात खायची सवय लावून घेतली, मनाची तयारी केली. मी कसलीच तयारी केली नव्हती. आपल्याच राज्यात तर चालले होते! परमुलखात गेलेल्या माणसाला परकं वाटायचा हक्क तरी असतो. भाषा वेगळी, जेवण वेगळं, देव वेगळे. सांगायला कारणं असतात. स्वतःच्याच भाषेत परकं वाटलं तर सांगायचं काय, आणि कोणाला?

मला खोली मिळाली ती धरमपेठेतल्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. जिना बाहेरून, स्वतंत्र. घर दाखवताना घरमालकांनी हा जिना दोनतीनदा दाखवला. ‘‘तुमचं तुम्ही, आमचं आम्ही. काही त्रास नाही.’’ खरंच काही त्रास झाला नाही. जूनचा पहिला आठवडा होता, पाऊस अजून लांब, आणि नागपूरचं ते ऊन काही मी सांगायला नको. खिडकीला पत्र्याचा भलामोठा कूलर बसवलेला होता. सांगलीत असलं काही लागत नाही. कूलर लावला की गार वाटायचं, पण त्याच्या घरघरीत बाकी सगळे आवाज बुडून जायचे: खालच्या मजल्यावरची भांडी, रस्त्यावरचा भाजीवाला, शेजारच्या पोरांचं भांडण. आणि कूलर बंद केला की ते आवाज ऐकू यायचे, पण उकाड्याने जीव नकोसा व्हायचा. शेजार ऐकायचा की झोपायचं, यातलं एकच काहीतरी निवडावं लागे. मी झोप निवडली. पुढे पावसाळा सुरू झाल्यावर कूलर बंद झाला, तेव्हा कळलं की खालच्या काकू रोज पहाटे रेडिओ लावतात. इतके दिवस त्या मला आणि मी त्यांना अगदी व्यवस्थित वगळून राहिलो होतो.

शाखेत माझ्या टेबलावर आधीच्या अधिकाऱ्याच्या नावाची पाटी होती. माझी पाटी रंगवायला दिली आहे, असं शिपाई म्हणाला. ती येईपर्यंत पाऊस सुरू होऊन बरा बसलाही होता. तोवर ग्राहक यायचे, पाटी वाचायचे, माझ्याकडे बघायचे आणि विचारायचे, ‘‘साहेब कुठं गेले?’’ मी सांगायची, बदली झाली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं वाईट वाटणं उमटायचं. मग ते माझ्याकडे काम द्यायचे, अगदी नाइलाज झाल्यागत. त्या साहेबांना मी कधी पाहिलेलं नाही. पण ते गेल्याने किती माणसांची गैरसोय झाली, त्यांच्यासारखे कर्जाचे कागद कोणी समजावून देत नाही, ते दिवाळीला शिपायांना स्वतःच्या खिशातून काय देत, हे सगळं मला महिन्याभरात पाठ झालं. हेवा वाटायचा. माणूस गेल्यावर त्याची जागा रिकामी दिसावी, ही काही लहान मिळकत नव्हे. मी त्याच खुर्चीत बसून ती रिकामी आहे असं ऐकत होते.

बँकेतल्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना तेव्हा सगळ्या शाखांना पाठवला जाई. एका शाखेने काढलेला डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या शाखेत वटवायचा, तर त्यावरची सही नमुन्याच्या पुस्तकाशी ताडून बघावी लागे. त्यामुळे माझी सही गेली सगळीकडे. गुवाहाटीत, कोचीनमध्ये, कुठल्याशा तालुक्याच्या गावी, मी कधी पाहणारही नाही असा कोणी अधिकारी भिंगातून माझ्या नावातला वेलांटीचा फाटा तपासत असणार. माझ्याकडे इतकं बारकाईने बघणारं त्या काळात दुसरं कोणी नव्हतं. हे मी तेव्हा विनोदाने घरी पत्रात लिहिलं होतं. नवऱ्याला तो विनोद कळला नाही. त्याने उलट विचारलं की सहीत काही घोटाळा झालाय का.

सगळ्यात अवघड असायची ती शनिवार दुपार. तेव्हा शनिवारी बँका अर्धा दिवस असत. हिशेब जुळवून, तिजोरी बंद करून बाहेर पडलं की सोमवारी सकाळपर्यंत माझ्याकडे तोंड उघडायचं काही कारण नसे. गोकुळपेठेच्या बाजारात भाजी घेताना चार शब्द व्हायचे, तेही घासाघिशीचे. पहिल्यांदा मी कोथिंबीर मागितली तर भाजीवालीने माझ्याकडे बघून मुलीला म्हटलं, ‘‘बाईले सांबार दे.’’ मी घाबरून म्हटलं, सांबार नको, कोथिंबीर हवी. दोघी हसल्या. मीही हसले. त्या शनिवार-रविवारातलं माझं हसणं तेवढ्यात आटोपलं. सोमवारी पहिल्या ग्राहकाशी बोलताना आवाज घोगरा यायचा. घसा बसलाय का, असं एकदा हेडकॅशियरने विचारलं. मी हो म्हटलं. न वापरल्याने बसलाय, हे सांगायचं नव्हतं.

आमच्याकडे घरी फोन नव्हता. शेजाऱ्यांचा ‘पीपी’ नंबर होता. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरत, म्हणून बूथवर तेव्हाच रांग लागे. आत काचेच्या डब्यात उभं राहायचं, समोर लाल आकडे पळत असायचे. शेजारचा मुलगा हाक मारायला जाई, तेवढ्यात बरेच आकडे पळालेले असत. मग मुलगी धापा टाकत यायची. ‘‘जेवलीस?’’ ‘‘हो. तू?’’ ‘‘हो. आजी काय करतेय?’’ ‘‘झोपली.’’ दोघींनाही पुष्कळ सांगायचं असायचं आणि त्यातलं काहीच त्या मिनिटात बसण्यासारखं नसायचं. बाहेर आलं की रांगेतली माणसं आपल्याकडे बघतात. डोळे कोरडे आहेत की नाहीत तेवढं तपासतात आणि आपला नंबर आला म्हणून आत शिरतात. त्या रांगेतले बरेचसे माझ्यासारखेच बाहेरून आलेले होते: विद्यार्थी, पोलीस, वैद्यकीय प्रतिनिधी. रोज तेच चेहरे. पण एकमेकांशी बोलायचं नाही, असा जणू अलिखित नियमच होता. कोणाचं घर किती लांब आहे, ते मीटरच्या आकड्यांवरून सगळ्यांना माहीत असे.

शाखेतले लोक वाईट नव्हते, उलट मोकळे होते. पण मोकळ्या माणसांचीही डब्याची टेबलं ठरलेली असतात आणि त्यांत नवी खुर्ची घालायची म्हटली तर कोणीतरी आधी उठावं लागतं. कारकुनांच्या टेबलावर मी अधिकारी, अधिकाऱ्यांच्या टेबलावर मी एकटी बाई. शिवाय मी ‘पुण्याकडची’. सांगली म्हणजे पुणे नव्हे, हे मी सुरुवातीला समजावून सांगायची. मिरज माहीत आहे का? हळद? कृष्णा? ‘‘हो, हो, म्हणजे पुण्याकडंच ना.’’ सांगलीच्या माणसाला पुणेकर म्हणणं हा आमच्याकडे भांडणाचा विषय होऊ शकतो. तिथे ती नुसती दिशा होती. आमच्याकडूनही गोंदिया, भंडारा, चंद्रपूर हे सगळं ‘नागपूरकडं’च असतं, तेव्हा फिटंफाट.

त्या ‘पुण्याकडं’त थोडी धार असायची. तिचं कारण मला हळूहळू कळलं. हे शहर १९५६पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. नव्या राज्यात सामील होताना तो मान गेला. त्याच्या बदल्यात १९५३च्या नागपूर करारात कबूल झालेलं विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन तेवढं हाती राहिलं. थंडीत चार दिवस मंत्री येतात, मोटारी धावतात, निवेदनं दिली जातात आणि सगळे परत मुंबईला जातात. आपल्याकडे कोणी बघत नाही, ही तक्रार त्या शहराची माझ्याही आधीपासूनची होती. चहाच्या वेळी सिंचनाचा अनुशेष, नोकऱ्या, वेगळा विदर्भ हे विषय निघायचे आणि मी गप्प बसायची, कारण त्या वादात मी पलीकडच्या बाजूची होते. दुर्लक्ष झालेल्यांच्या घोळक्यात आपलंही दुर्लक्ष होत असावं, यात एक गंमत होती. तेव्हा ती मला फारशी दिसली नाही.

आता दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर ही सगळी रडकथा होईल. कोणाचं लक्ष नसणं मला पहिल्या काही आठवड्यांत आवडलंही होतं. सांगलीत मी कधी नुसती मी नव्हते. मारुती रोडवरून चालले तर कोणाची सून, आयर्विन पुलावर वारा खायला थांबले तर कोणाची मुलगी, आणि थोडा वेळ जास्त थांबले तर ‘काय झालं, घरी सगळं ठीक ना?’ नागपुरात मी सकाळी रस्त्यावर उभी राहून एकटी तर्रीपोहे खाल्ले. सांगलीत बाईमाणसाने गाड्यावर एकटीने उभं राहून खायचं, हे तेव्हा माझ्या स्वप्नातही नव्हतं. तर्री इतकी जहाल की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते का आलं हे कोणाला सांगावं लागलं नाही. त्याच पावसाळ्यात ‘हम आपके हैं कौन’ लागला. तोही मी एकटीने जाऊन पाहिला. दीर, नणंदा, मामा, मामी, कुत्रा, घर भरून ओसंडतंय, आणि थिएटरात माझ्या एका बाजूला एक कुटुंब, दुसऱ्या बाजूला दुसरं. मध्यंतरात त्या दोन्ही कुटुंबांनी माझ्या डोक्यावरून एकमेकांना समोसे दिले, ओळखीचे निघाले. मला ते हसूच आलं. घरी गेल्यावर मात्र हे कोणाला सांगू, असं झालं. मोकळेपणाची एक अडचण आहे. तो उपभोगायला कोणी लागत नाही, पण त्याची गोष्ट ऐकायला लागतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शिपाई म्हणाला, मॅडम, मारबत बघितली नाही तर नागपूर काय बघितलं? मी गेले. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत मुंगी शिरायला जागा नव्हती. काळी मारबत, पिवळी मारबत, दोन प्रचंड बाया, आणि त्यांच्यामागे बडगे: त्या वर्षी ज्याचा ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे. महागाई, पुढारी, खड्डे, सगळं घेऊन जा म्हणून लोक बेंबीच्या देठापासून ओरडत होते. एकोणिसाव्या शतकापासून हे चाललंय. मी आधी संकोचले, मग ओरडले. रोगराई घेऊन जा, इडापीडा घेऊन जा. शेजारच्या अनोळखी बाईने माझा हात घट्ट धरला होता, पाय घसरू नये म्हणून. गर्दीत एकटं वाटतं, असं सगळेच लिहितात. मला तसं वाटलं नाही. गर्दीला कोणाची ओळख लागत नाही, सगळ्यांचीच दखल ती सारखी घेते किंवा घेत नाही. एकटं वाटतं ते पाच माणसं एकमेकांना ओळखतात आणि आपण सहावे असतो तिथे. मारबतीहून परतताना घसा खरोखरीचा बसला होता. दुसऱ्या दिवशी हेडकॅशियरला अभिमानाने तसं सांगितलं.

दिवाळीला घरी गेले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिवाळी होती. घरात शिरल्या शिरल्या सगळे धावत आले, लाडू, फटाके, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वयंपाकघरात चहा करायला गेले, तर साखरेचा डबा जागेवर नव्हता. सासूबाईंनी मांडणी बदलली होती. वरच्या फळीवरचा डबा काढायला त्यांना त्रास व्हायचा, म्हणून. बरोबरच होतं. मुलीची वेणी आता शेजारची ताई घालत होती आणि माझ्यापेक्षा चांगली घालत होती. त्या घराचं माझ्यावाचून अडत नव्हतं. अडू नये म्हणून मीच तर जाताना सगळी व्यवस्था लावून गेले होते. ती व्यवस्था इतकी चोख निघेल, असं मात्र वाटलं नव्हतं. परतीच्या गाडीत मनमाड येईपर्यंत मी हिशेब करत होते की आता मी नेमकी कुठे राहते.

सोमवारी शाखेत आले, तर पेन्शनच्या काउंटरवर गर्दी होती. नोव्हेंबर होता. नोव्हेंबर हा पेन्शनरांचा महिना. वर्षातून एकदा बँकेत स्वतः हजर राहून आपण जिवंत आहोत अशी सही करायची. ती नाही झाली तर पुढची पेन्शन थांबते. हयातीचा दाखला. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा बघायचा, पुस्तकातला फोटो बघायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि खाली आपण सही ठोकायची: हा इसम माझ्यासमोर हजर होता आणि जिवंत आहे. २०१४मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं, घरबसल्या बोटाच्या ठशावर काम होऊ लागलं, आणि आता तर मोबाइलसमोर डोळ्यांची उघडझाप केली तरी पुरतं. मीही आता पेन्शनरच आहे. दर नोव्हेंबरला मोबाइलकडे बघून पापण्या हलवते आणि तो मान्य करतो. सोय झाली यात शंका नाही, आजारी माणसांना रिक्षात घालून आणायचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत. पण तेव्हा ते काम माणसाने माणसाकडे बघून करायचं होतं.

ते टेबल माझ्याकडे होतं, कारण ते कोणालाच नको असे. म्हातारी माणसं वेळ घेतात. सही जुळत नाही, कानाला ऐकू येत नाही, चष्मा घरी राहतो. कौटुंबिक पेन्शन घेणाऱ्या विधवांना आणखी एक कागद द्यावा लागे: मी पुनर्विवाह केलेला नाही. नियमच तसा. ऐंशीच्या घरातल्या एका आजींना मी तो समजावून सांगितला, तर त्या इतक्या मोठ्यांदा हसल्या की कॅशच्या रांगेतले लोक वळून बघू लागले. ‘‘आता कोन करते बाप्पा माह्यासंग लगन! असला तं सांगा.’’ मग सही करताना त्यांचा हात थरथरला आणि त्या जरा वेळ गप्प झाल्या.

याच आजी त्या सोमवारी रांग सोडून थेट माझ्या टेबलाशी आल्या. नमस्कार नाही, काही नाही. ‘‘काऊन मॅडम, कुठी गेल्या होत्या तुमी? त्या दुसऱ्या साहेबानं मले तासभर बसवून ठेवलं न. मी म्हटलं, मी आपली मॅडम आल्यावरच येतो.’’ त्या चांगल्याच चिडल्या होत्या. रजा घेताना सांगून जायला काय होतं, असं त्यांचं म्हणणं. माझी चूक नव्हती आणि तरी मी दोनदा माफी मागितली. त्यांचं काम करून दिलं, त्या पुटपुटत गेल्या, आणि मला जाणवलं की सकाळपासून मी पहिल्यांदाच सरळ बसले आहे. माझ्या नसण्याने कोणाचा तरी तासभर वाया गेला होता. कोणी माझी आठवण काढली, असं मला त्याआधी पत्रातून सगळे कळवत होतेच. आठवण वेगळी. आठवण काढणाऱ्याचं काही अडत नाही.

त्यानंतर पंधरवड्याने, २३ नोव्हेंबरला, नागपुरात जे घडलं ते सांगितल्यावाचून तो महिना पुरा होत नाही. अधिवेशनाचे दिवस होते. रोज मोर्चे निघत आणि आम्ही शाखेत एवढंच विचारत असू की आज कुठला रस्ता बंद आहे. त्या दिवशी गोवारी समाजाचा मोर्चा होता. पूर्व विदर्भातल्या गावांतून, पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची गुरं राखत आलेली माणसं बायकामुलांसह आली होती. आपल्याला आदिवासी म्हणून मान्यता द्या, एवढं मागणं. सरकारी यादीत ‘गोंड-गोवारी’ लिहिलं होतं, नुसते ‘गोवारी’ त्यात धरले जात नव्हते. सीताबर्डीजवळ मोर्चा अडवला गेला. कोणी मंत्री येऊन भेटेल म्हणून ते दिवसभर तिथे थांबून राहिले. संध्याकाळी पोलिसांचा लाठीमार आणि चेंगराचेंगरी. ११४ माणसं मेली. त्यांत बायका आणि मुलं पुष्कळ होती.

आमची शाखा तिथून फार लांब नव्हती. संध्याकाळी मी नेहमीसारखी घरी गेले. रस्ता बंद म्हणून जरा वळसा पडला, इतकंच. सगळं कळलं ते दुसऱ्या सकाळी वर्तमानपत्रात. त्या दिवशीही पेन्शनर आले, मी फोटो बघितले, चेहरे बघितले, जिवंत आहे म्हणून सह्या केल्या. माझ्याजवळच्या बाकावर बसलेले एक निवृत्त शिक्षक कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, ‘‘यादीत नाव घाला म्हणत होते.’’ बाकी दिवसभर कोणी फारसं बोललं नाही. आज तिथे स्मारक आहे आणि वरून जाणाऱ्या उड्डाणपुलाला त्या लोकांचं नाव आहे. यादीचा प्रश्न पुढे उच्च न्यायालयात गेला, सर्वोच्च न्यायालयात गेला, २०२०च्या डिसेंबरात तिथला निकाल त्यांच्या विरुद्ध लागला.

एकटं वाटतं, हे शब्द त्यानंतर काही दिवस मला स्वतःबद्दल वापरवले नाहीत. पण मी हे प्रामाणिकपणे सांगते की ते काही दिवसच. दुसऱ्याच्या डोंगराएवढ्या दुःखाने आपलं लहान दुःख विझत नाही. डिसेंबर आला, थंडी पडली, रविवार होते तसेच येत राहिले. दुर्लक्ष होऊन माणसं मरतात आणि दुर्लक्ष होऊन माणसं नुसती कंटाळतात. दोन्ही एका मापाने मोजायची नाहीत एवढं भान त्या नोव्हेंबरने दिलं आणि ते पुढे टिकलं.

नंतरचं फारसं सांगण्यासारखं नाही. रंगवलेली पाटी आली होती, डब्याच्या टेबलावर एक जण निवृत्त झाले तशी खुर्ची मिळाली. खालच्या काकूंशी बोलणं सुरू झालं ते पाण्याच्या टाकीवरून, म्हणजे भांडणाने. एकदा भांडण झाल्यावर त्या मोकळ्या झाल्या. पोपटाच्या शेंगांची भाजी, पुडाच्या वड्या जिन्यावरून वर येऊ लागल्या आणि मग मी कधी येते, कधी जाते, पत्र कोणाचं आलं, यावरही त्यांचं लक्ष राहू लागलं. तर्रीपोह्यांच्या गाडीवर एकटीने जायला मी कधी काकूंना चुकवूनही गेले आहे. मराठी माझं पूर्ण बदललं नाही, पण ‘येऊन राहिले’ मात्र तोंडात बसलं. सुट्टीत सांगलीला तसं बोलले की मुलगी हसून लोटपोट व्हायची.

बदलीची ऑर्डर आली तेव्हा माझ्या जागी रत्नागिरीकडचा एक तरुण अधिकारी आला. नवं लग्न झालेलं, बायको तिकडेच. चार्ज द्यायचा म्हणजे किल्ल्या, रजिस्टरं, बाकी राहिलेल्या नोंदी, सगळं समजावून देऊन यादीवर दोघांच्या सह्या. ते झाल्यावर मी त्याला यादीत नसलेलंही सांगितलं. कूलर मार्चमध्येच घे, मेमध्ये दुकानदार तोंडाला येईल तो भाव सांगतात. कोथिंबिरीला सांबार म्हण. कोकण म्हणजे पुण्याकडं नाही, हे कोणाला पटवत बसू नको. माझी नावाची पाटी मी स्वतःच काढून पिशवीत टाकली होती; त्याचीही आजच रंगवायला दे म्हटलं. तो मान डोलवत होता. त्याला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच की एसटीडीला कुठल्या बूथवर रांग कमी असते.

तेवढ्यात आजी आल्या. महिना नोव्हेंबर नव्हता, पण त्या मधूनमधून पुस्तक भरून घ्यायच्या निमित्ताने यायच्या. मी जाणार, हे त्यांना माहीत होतं. त्याबद्दल त्यांनी मला जे सुनवायचं ते आधीच सुनवून झालं होतं. आता त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या मुलाला तपासायला घेतलं. गाव कोणतं? घरी कोण कोण? बायको का आणली नाही? इतका वाळलेला का? भात खातोस की पोळी? सही कशी करतोस, दाखव बरं, वाचता येते का? त्याने एकदोन उत्तरं दिली आणि मग उगाच लेजरमध्ये डोकं घातलं. त्या गेल्यावर तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, ‘‘मॅडम, इथले लोक फार चौकशा करतात का हो?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं, ‘‘ह्या एकट्याच. रजेवर जाशील तेव्हा यांना आधी सांगून जा.’’